मुंबईचें सांडपाणी : तें जातें कोठें व शुद्ध होतें कसें

शहापूर तालुक्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्यास मुंबई शहराचें पाणी कोठून येतें हें शिकवावें लागत नाहीं. तानसा तलाव त्यानें पाहिलेला असतो, भातसा धरणाची भिंत दुरून तरी पाहिलेली असते, आणि रानांतून, शेतांतून व गांवांच्या कडेनें मुंबईकडे गेलेले ते अवाढव्य नळ, ज्यांत माणूस सहज उभा राहूं शकेल, त्याच्या नित्य परिचयाचे असतात. मुरबाडकडील विद्यार्थ्यास बारवी धरण ठाऊक असतें. परंतु हें पाणी शहरांत जाऊन एकदां वापरलें गेलें म्हणजे पुढें त्याचें काय होतें, असा प्रश्न वर्गांत विचारला असतां बहुतेक मुलें गप्प बसतात. एखादा धीट मुलगा 'गटारांत जातें' असें उत्तर देतो व सगळा वर्ग हंसतो. गटारानंतर कोठें, हें मात्र कोणीच सांगत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही त्या गटारानंतरची हकीकत सांगणार आहों. विषय कांहीं पालकांस किळसवाणा वाटेल, आणि वार्षिकाच्या पानांत तो कशास हवा असेंही कोणी म्हणतील. पटकी, विषमज्वर व हगवण यांनीं आजवर किती घरांत रडारड झाली आहे ह्याची आठवण त्यांनीं करावी, एवढीच त्यांस आमची विनंती.

प्रथम पाण्याचा हिशेब पाहूं. मुंबईस विहार तलावाचें पाणी १८६० सालीं मिळूं लागलें. मग तुळशी, मग १८९२ सालीं तानसा. पुढें वैतरणा नदीवरील मोडकसागर (महापालिकेचे नामांकित अभियंते मोडक यांचें नांव त्यास दिलेलें आहे), ऊर्ध्व वैतरणा, भातसा, आणि २०१४ सालीं मध्य वैतरणा. ह्या सात जलाशयांतून शहरास रोज सुमारें ३९० कोटी लिटर पाणी जातें, व त्यांतील जवळजवळ निम्में एकट्या भातसेचें असतें. तानसा व मोडकसागर यांचें पाणी उतारानेंच शहराकडे जातें. भातसेचें पाणी नदीच्याच पात्रांतून पिसे येथपर्यंत येतें, तेथें पंपांनीं उचललें जातें व पांजरापूर येथें गाळून शुद्ध केलें जातें. ३९० कोटी हा आकडा डोळ्यांसमोर उभा राहत नाहीं, म्हणून तो आपल्या ओळखीच्या मापांत सांगतों. दहा हजार लिटरांचा एक टँकर धरला तर हे रोजचे ३,९०,००० टँकर झाले. कसाऱ्याकडील डोंगरांतल्या ज्या पाड्यांवर वैशाखांत एका टँकरसाठीं आयाबहिणी हंडे मांडून बसतात, त्या पाड्यांतील मुलांस हें गणित फोड करून सांगण्याचें कारण नाहीं.

अभियंत्यांचा साधारण हिशेब असा कीं, शहरांत शंभर लिटर पाणी गेलें तर त्यांतील ऐंशी लिटर सांडपाणी होऊन बाहेर पडतें. म्हणजे आमच्या तालुक्यांतून निर्मळ रूपांत गेलेली एक नदी रोज शहराच्या दुसऱ्या अंगानें मलिन होऊन निघते. ती जाते समुद्रास व खाड्यांस.

आतां हें सांडपाणी म्हणजे नक्की काय? ऐकून नवल वाटेल, पण त्याच्या हजार भागांत सुमारें नऊशें नव्व्याण्णव भाग निव्वळ पाणीच असतें. उरलेल्या एका भागांत मैला, अन्नाचे कण, तेल, साबण, वाळू व असंख्य सूक्ष्म जंतू असतात. एवढासा एक भाग इतका अनर्थ कसा करतो हें समजण्यास प्राणवायूचा हिशेब समजला पाहिजे, आणि विज्ञानाच्या तासास बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें तो स्वतः करून पाहावा असा आहे. आपल्याकडील हवेंत नदीच्या एका लिटर स्वच्छ पाण्यांत सुमारें ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मासा त्यावरच जगतो. पण पाण्यांत घाण पडली म्हणजे ती खाणारे जंतू झपाट्यानें वाढतात, आणि तेही तोच प्राणवायू वापरतात. शहराच्या एक लिटर मैलापाण्यांतील घाण पचवितांना जंतूंस पांच दिवसांत साधारणपणें २०० ते ३०० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. मधला आकडा २५० घ्या व त्यास आठांनीं भागा. भागाकार एकतीस येतो. म्हणजे एक बादली मैलापाणी एकतीस बादल्या निर्मळ पाण्यांतील सगळा प्राणवायू खाऊन टाकूं शकतें. प्राणवायू संपला कीं मासे मरतात. मग ज्यांस प्राणवायूची गरजच नाहीं असे दुसऱ्या जातीचे जंतू कामास लागतात, पाणी काळें पडतें, व कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. मुंबईस जातांना आगगाडी एखाद्या मोठ्या नाल्यावरून गेली म्हणजे प्रवासी नाकास रुमाल लावतात तो हाच वास. रसायनशास्त्रांत त्या वायूस हायड्रोजन सल्फाइड म्हणतात. त्याचा विचार पुढें पुन्हां करावयाचा आहे.

ही अडचण एकट्या मुंबईची नव्हे. लंडन शहरांत १८५४ सालीं डॉक्टर जॉन स्नो यांनीं ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाचें पाणी व पटकीचे मृत्यू यांचा संबंध घरोघर चौकशी करून दाखवून दिला. तरीही अधिकाऱ्यांचे डोळे उघडले ते १८५८ सालच्या उन्हाळ्यांत, जेव्हां थेम्स नदीची दुर्गंधी पार्लमेंटाच्या खिडक्यांतून आंत शिरली! त्यानंतर जोसेफ बॅझलजेट ह्या अभियंत्यानें शहराखालून मोठीं गटारें बांधलीं. नाकापर्यंत गोष्ट आल्यावांचून खजिन्याची पेटी उघडत नाहीं, हा अनुभव सर्व देशांत सारखाच दिसतो.

मुंबईंत पाण्याचे नळ आधीं आले व गटारांची नीट व्यवस्था मागाहून झाली. त्यापूर्वीं मैला डोक्यावरून व गाड्यांतून वाहून नेला जाई. तो वाहणाऱ्यांस हलालखोर म्हणत. ह्या काळांतील एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य लक्षांत ठेवावी. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांच्या खटपटीनें १८९० सालीं माटुंग्यास निराधार कुष्ठरोग्यांसाठीं एक आश्रम उघडण्यांत आला. त्या आश्रमांतील मैला बंद हौदांत सांठवीत. हौदांत कुजतांना निघणारा वायू धरून ठेवण्याची सोय करण्यांत आली, व १८९७ सालच्या सुमारास त्या वायूवर एंजिन चालविण्यांत आलें. ज्यांस स्पर्श करण्यास प्रभूनें संकोच केला नाहीं, पण ज्यांस जगानें गांवाबाहेर घातलें, त्या रोग्यांच्या वसतींत मैल्यापासून शक्ति उत्पन्न करण्याचा जगांतील आरंभींच्या प्रयोगांपैकीं एक प्रयोग झाला. आज खेड्यांतून दिसणारा गोबरगॅसचा हौद हा त्याचाच धाकटा भाऊ होय.

आतां शुद्धीकरणाची रीत सांगतों. कारखान्यांत आलेलें सांडपाणी प्रथम लोखंडी जाळ्यांतून जातें. चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या, नारळ, देवाचे निर्माल्य, सगळें येथें अडतें. पुढें एका अरुंद हौदांत पाण्याचा वेग इतकाच ठेवतात कीं वाळू तळाशीं बसावी व हलकी घाण पुढें जावी. त्यापुढच्या मोठ्या हौदांत पाणी दोन-तीन तास जवळजवळ स्तब्ध राहतें; जड मैला खालीं बसतो, तेल वर तरंगतें, व दोन्ही काढून घेतात. येथपर्यंत केलें तें निवडणें-टिपणें झालें. धुणें पिळण्यापूर्वीं खिसे झटकावे तितकेंच तें समजावें, कारण पाण्यांत विरघळलेली घाण अजून तशीच असते.

खरें काम पुढच्या हौदांत होतें, आणि तें माणूस करीत नाहीं, जंतू करतात. ह्या हौदांत तळांतून हवेचे बुडबुडे सारखे सोडतात. प्राणवायू भरपूर मिळाला म्हणजे घाण खाणारे जंतू वाढतात व त्यांचे तपकिरी पुंजके बनतात. कांहीं तासांनीं हें मिश्रण दुसऱ्या निवळणीच्या हौदांत सोडलें कीं पुंजके तळाशीं बसतात व वर स्वच्छ पाणी राहतें. इंग्लंडांतील मँचेस्टर शहरीं आर्डर्न व लॉकेट ह्या दोघां रसायनज्ञांनीं १९१४ सालीं ह्या बाबतींत एक साधी पण मोठी गोष्ट प्रसिद्ध केली. खालीं बसलेला गाळ फेंकून न देतां त्याचा कांहीं भाग पुन्हां हवेच्या हौदांत घातला, तर पूर्वीं ज्या कामास आठवडे लागत तें कांहीं तासांत होतें. आमच्या आयांस हें तत्त्व कधींचेंच ठाऊक आहे. कालच्या दह्याची कवडी राखून आजच्या दुधास विरजण लावतात, तसाच हा प्रकार. मँचेस्टरच्या ह्या शोधामागें ज्यांची प्रेरणा होती ते गिल्बर्ट फाउलर पुढें १९१६ सालीं बंगळूर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें प्राध्यापक होऊन आले, व ही विद्या त्यांच्याबरोबर आमच्या देशांत लवकरच पोंचली. उरलेला गाळ बंद हौदांत कुजवितात. त्यांतून जळाऊ वायू मिळतो आणि शेवटीं खत राहतें. निवळलेलें पाणी क्लोरिन किंवा तत्सम उपायानें निर्जंतुक करून सोडून देतात, अगर अधिक बारीक गाळून पुन्हां वापरतात.

मुंबईंत सांडपाण्याचे सात विभाग आहेत : कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर व भांडुप. जागतिक बँकेच्या कर्जानें १९९५ सालीं हातीं घेतलेल्या योजनेंत वरळी व वांद्रे येथून समुद्रतळाखालून तीन किलोमीटरांहून अधिक लांब बोगदे नेण्यांत आले. जाळ्यांतून गाळून व वाळू काढून मैलापाणी त्या बोगद्यांच्या टोंकाशीं अनेक छिद्रांनीं समुद्रांत सोडतात. तें समुद्राच्या पाण्याहून हलकें असल्यामुळें वर चढतें, चढतां चढतां मिसळून पातळ होतें, आणि खारें पाणी व ऊन यांनीं बरेचसे जंतू मरतात. वर्सोवा, भांडुप व घाटकोपर येथें हवा घालून पाणी मुरविण्याचीं मोठीं तळीं करण्यांत आलीं.

ह्या योजनेनें चौपाट्यांचा कांठ पूर्वींपेक्षां सुसह्य झाला हें खरें. परंतु पातळ करणें म्हणजे शुद्ध करणें नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. वरील भागाकार ज्यानें केला त्यास हें पटेल. समुद्र मोठा आहे म्हणून प्राणवायूचें कर्ज त्याच्या खात्यावर मांडावें, ही गोष्ट कांहीं काळ चालते. खाडी मात्र लहान असते व भरती-ओहोटीनें तीच घाण मागेंपुढें होत राहते. त्यांतून शहराचा मोठा भाग झोंपडवस्त्यांचा. तेथील मैला भूमिगत गटारांत न जातां उघड्या नाल्यांनीं मिठी नदींत व खाड्यांत गेला. कोळी बांधवांच्या जाळ्यांत मासळीऐवजीं प्लॅस्टिक येतें ही तक्रार आपण ऐकतोंच.

पुढें १९ जानेवारी २०२३ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्तें सात नव्या शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांची योजिलेली शक्ति, रोजच्या दशलक्ष लिटरांत, अशी : वरळी ५००, मालाड ४५४, धारावी ४१८, वांद्रे ३६०, घाटकोपर ३३७, भांडुप २१५ व वर्सोवा १८०. बेरीज २,४६४, म्हणजे सुमारें २४६ कोटी लिटर. ह्या केंद्रांत जाळ्या व निवळणीच्या हौदांवर न थांबतां जंतूंकडून घाण पचविण्याची योजना आहे. खर्च सतरा हजार कोटी रुपयांच्या घरांत आहे. पुष्कळांस तो डोईजड वाटतो. आम्हांस वाटत नाहीं, आणि त्याचें कारण आमच्या तालुक्यांच्या नकाशांत आहे.

शहराची तहान वाढली कीं नवें धरण सुचतें, आणि नवें धरण सुचलें कीं बोट ठाणें व पालघर जिल्ह्यांच्या डोंगरांकडे वळतें. मुरबाड तालुक्यांतील काळू नदीवरील धरणाचें काम २०११ सालीं सुरू झालें. बुडणाऱ्या गांवांतील आदिवासी व शेतकरी विरोधास उभे राहिले, व २०१२ सालीं उच्च न्यायालयाच्या आदेशानें तें काम थांबलें. पुढेंही त्या धरणाची चर्चा वरचेवर होत राहिली आहे. शहरांस पाणी लागतें हें आम्ही नाकारीत नाहीं. मुंबईंत आमचेच माजी विद्यार्थी राहतात व तेच पाणी पितात. परंतु संडास धुण्यास, बागा शिंपण्यास, रस्ते धुण्यास व कारखान्यांचीं यंत्रें थंड ठेवण्यास भातसेचें पिण्याचें पाणी कशास? चेंबूर येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स हा कारखाना महापालिकेचें सांडपाणी शुद्ध करून आपल्या कामास लावतो. नागपूर शहराचें भांडेवाडी येथें शुद्ध केलेलें सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रास जातें. नवी मुंबईनेंही असें पाणी कारखान्यांस देण्याची व्यवस्था केली आहे. शुद्ध होऊन दुसऱ्यांदा कामास आलेला प्रत्येक लिटर हा आमच्या डोंगरांतून न नेलेला लिटर होय. म्हणून वरळीचें किंवा मालाडचें शुद्धीकरण केंद्र ही शहापूर-मुरबाडच्या पालकांनीं परक्याची गोष्ट समजूं नये.

शहराच्या गटारांविषयीं लिहितांना त्यांत उतरणाऱ्या माणसांस विसरून चालणार नाहीं. ज्या हायड्रोजन सल्फाइडचा वर उल्लेख केला तो वायू थोडा असतां दुर्गंध देतो, पण फार झाला म्हणजे नाकाची संवेदनाच मारतो. माणसास वास येईनासा होतो व तो समजतो कीं धोका टळला. त्याच्या जोडीस मिथेन व कार्बन डायऑक्साइड असतात, आणि प्राणवायू तर नसतोच. २०१३ सालच्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून माणसास गटारांत वा सेप्टिक टाकींत सफाईसाठीं उतरविण्यास मनाई केली, तरी अशा मृत्यूंच्या बातम्या थांबलेल्या नाहींत. हें काम एकाच जातीच्या वांट्यास टाकणें हा समाजाचा अपराध आहे असें मानून अप्पासाहेब पटवर्धन यांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत सफाईचें काम आपणांस मिळावें म्हणून उपवास केला होता. पुढें कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत त्यांनीं मैल्याचें खत करण्याच्या रीती आयुष्यभर चालविल्या.

ही सूचना गांवच्या मुलांसही आहे, कारण आतां शहापुरांत व मुरबाडांत घरोघर सेप्टिक टाक्या झाल्या आहेत. टाकींत चेंडू, बादली किंवा कोंबडी पडली तरी आंत उतरूं नये, डोकावूं नये, आंत काडी पेटवून पाहूं नये. कोणी आंत पडून बेशुद्ध झाला तर त्याच्या मागोमाग उडी घालणारा दुसराही बहुधा जिवंत वर येत नाहीं. भावामागें भाऊ व बापामागें मुलगा असे गेलेले आहेत. अशा वेळीं मोठ्यानें हांक मारून माणसें गोळा करावीं, अग्निशमन दलास व रुग्णवाहिकेस बोलवावें, आणि वरूनच दोर टाकतां आला तर टाकावा.

गांवांत मोठीं केंद्रें नाहींत, व त्यांची गरजही नाहीं. पवित्र शास्त्रांत अनुवादाच्या पुस्तकामध्यें इस्राएल लोकांस छावणीबाहेर जाऊन, खणून, मैला मातीनें झांकण्याची आज्ञा आहे. मातींत जे जंतू राहतात ते शहराच्या हवेच्या हौदांतलेंच काम सावकाश करतात. दोन खड्ड्यांचा संडास ह्याच तत्त्वावर चालतो. एक खड्डा भरला कीं तो बंद करून दुसरा वापरावा. दीड-दोन वर्षांनीं पहिल्यांतील मैला वासरहित, मातीसारखा होतो व शेतांत घालतां येतो. मोरीच्या पाण्यासाठीं दगड-विटांचे तुकडे भरलेला शोषखड्डा पुरे होतो. एक गोष्ट मात्र सांभाळावी. आमचा मुलूख काळ्या कातळाचा आहे, आणि कातळाच्या भेगांतून घाण पाणी मातीपेक्षां फार दूर जातें. खड्डा विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब व उताराच्या खालच्या अंगास असावा. पायाखालीं मुरूम संपून कातळ लागला तर त्याहूनही लांब.

शेवटीं एक प्रयोग देतों. प्रयोगशाळेंत मेथिलीन ब्लू हा निळा रंग असतो. काचेच्या बुचाच्या तीन सारख्या बाटल्या घ्याव्या. एकींत विहिरीचें, दुसरींत भातसेचें किंवा काळूचें, व तिसरींत गटाराचें पाणी कांठोकांठ भरावें. तिसरी बाटली शिक्षकांनीं हातमोजे घालून भरावी. प्रत्येकींत रंगाचे सारखेच थेंब टाकून हवेचा बुडबुडा न राहील अशा बेतानें बूच लावावें व बाटल्या अंधाऱ्या कपाटांत ठेवाव्या. पाण्यांतला प्राणवायू संपला कीं निळा रंग उडतो. गटाराच्या पाण्याचा रंग बहुधा कांहीं तासांत जाईल, विहिरीच्या पाण्याचा कित्येक दिवस टिकेल. नदीच्या पाण्याचा किती दिवस टिकतो तें पावसाळ्यांत एकदां व वैशाखांत एकदां पाहून तारखांसह वहींत लिहावें, आणि विहिरीच्या बाटलीचा रंग लवकर उडाला तर ती विहीर कोणाची आहे त्यास त्याच दिवशीं कळवावें.